पायी येणाऱ्या धन्याचा दरवाजा

माझे बाबा नेफ्योद हे सरदार मिरोन साविच तुगारिन यांच्या मॉस्कोतल्या हवेलीच्या देवडीवर एकोणीस वर्षं होते. देवडीवर म्हणजे नुसता अडसर काढायचा आणि घालायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथे एक सकाळ उभं राहून दाखवावं. बाबांना गल्लीच्या कोपऱ्यावर घोड्याचं नुसतं तोंड दिसलं की माणूस कोण ते कळायचं, आणि घोडा दारापर्यंत पोचायच्या आत ठरवावं लागायचं की याच्यासाठी दोन्ही कवाडं उघडायची, एकच उघडायचं, की कवाडातल्या छोट्या दारातून, दिंडीतून, आत घ्यायचं. धन्याहून मोठा असेल तर तो घोड्यावरून थेट जिन्यापर्यंत जाणार. बरोबरीचा असेल तर अंगणाच्या मध्यावर उतरणार. हलका असेल तर घोडा बाहेर बांधून, टोपी काढून, चिखलातून चालत येणार. दिंडी आमच्यासारख्यांना, भिकाऱ्यांना आणि मासळीवाल्यांना.

बाबा भित्रे होते. ही काही त्यांची निंदा नाही. आमच्या अंगणात जो भित्रा नव्हता तो मूर्ख होता. त्यांच्या आधी देवडीवर सिसोय नावाचा माणूस होता, तो नव्हता भ्यायचा. एका पाहुण्याला आदल्याच दिवशी झारने वरचा मान दिला होता, ते सिसोयला ठाऊक नव्हतं. त्याने सवयीने एकच कवाड उघडलं. पाहुण्याने तिथूनच घोडा वळवला. सिसोयला फोकांनी मारून उत्तरेच्या मिठागरावर धाडलं, बायकोला इथेच धुणाघरात ठेवलं, आणि दोन मुली दोन वेगळ्या गावांना दिल्या. ती बाई धुणं धुताना कोणाशी बोलायची नाही. बाबा रोज येताजाता तिला बघायचे, आणि मला वाटतं देवडीचं काम ते तिच्याकडे बघूनच शिकले.

आमच्या घरी आम्ही तिघंच. आई मरिम्याना भाकरखान्यात होती, राय नावाच्या धान्याचा काळा पाव तिच्यासारखा कोणाला जमत नसे. मी, उस्तिन्या, तिच्या हाताखाली. आणि तेव्हा मी एकोणीस वर्षांची, तबेल्यातल्या येरमेयवर जीव टाकून बसलेली. लग्नाला धन्याची परवानगी लागते. बाबांनी उन्हाळ्यात अर्ज केला होता. कारभारी पान्क्रातने तो लिहून दिला, खाली 'तुझा अनाथ नेफ्योदका'. आम्ही धन्याला असंच लिहितो, आपलं नाव लहान करून. धनी झारला अर्ज करतो तेव्हा तो स्वतःला 'तुझा गुलाम मिरोन्का' लिहितो. मला त्याचं हसू यायचं. बाबा म्हणायचे, हसू नको, हसताना माणसाचे दात दिसतात.

माझ्या पणजोबांच्या काळी म्हणे शरदात, युरीच्या सणाला, पिकं आटोपली की कुणबी मालक सोडून दुसरीकडे जाऊ शकायचा. पुढे ते बंद झालं. आधी या वर्षापुरतं, मग पुढच्या वर्षापुरतं, मग कायमचं. आता माणूस जमिनीला बांधलेला, जमीन धन्याला, धनी झारला. परवानगी मिळाली तर मी आईबाबांजवळ, याच अंगणात राहणार होते. नाही मिळाली तर धनी मला कुठल्याही गावी, कोणालाही देऊ शकत होता. त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

शरदातल्या सणाला राजवाड्यात मोठी पंगत होती. येरमेय धन्याचा घोडा धरून बाहेर थांबला होता. संध्याकाळी तो एकटाच, रिकामा घोडा हातात धरून परत आला, तेव्हा आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. धनी मागून पालखीगाडीत, पडदे ओढून आले आणि वर निघून गेले. येरमेयने भाकरखान्याच्या आडोशाला जे सांगितलं ते आम्ही श्वास रोखून ऐकलं.

झाखार क्रुतिन नावाच्या सरदाराला आमच्या धन्याच्या वर बसवलं होतं. क्रुतिनचा आजा कधीकाळी आमच्या धन्याच्या आज्याच्या हाताखाली चाकरीला होता. म्हणजे त्याच्या खाली बसायचं तर मेलेल्या पिढ्यांनाही खाली बसवायचं, आणि जन्माला न आलेल्यांनाही. धनी बसेनात. झारच्या हुकमाने दोघांनी दंड धरून त्यांना बाकावर बसवलं.

"मग हे घसरले," येरमेय म्हणाला. "बाकावरून घसरून टेबलाखाली गेले आणि तिथेच बसले. पुन्हा ओढून काढलं, पुन्हा खाली. आचारी लोकांनी सांगितलं मला."

"तू हसलास का रे?" बाबांनी विचारलं.

"मी कशाला हसू?"

"कोणी बघितलं नाही ना तुला ऐकताना?"

मिरोन साविच म्हणजे सहा फूट उंच, दाढी छातीपर्यंत. ते टेबलाखाली बसलेले मला डोळ्यांसमोर दिसले. मोठा माणूस लहान झालेला ज्यांनी पाहिला, त्यांचं पुढे काय होतं याचा विचार माझ्या मनात तेव्हाच आला. झारचा हुकूम सकाळी येणार होता, आणि काय येणार ते सगळ्या मॉस्कोला ठाऊक होतं: डोक्यासकट हवाली.

ही शिक्षा रक्ताची नसते. राजवाड्याचा कारकून येतो, सरदाराला त्याच्या घरातून पायी बाहेर काढतो, भर रस्त्याने ज्याचा अपमान केला त्याच्या अंगणात नेतो आणि जिन्याच्या खाली उभा करतो. तो वरच्या पायरीवर, हा खाली. कारकून मोठ्याने सांगतो की झारने हा माणूस तुमच्या हवाली केला आहे. खालच्याने वाटेल त्या शिव्या द्याव्यात, कोणी बोट लावत नाही, कारण तो झारच्या हुकमाने आलेला असतो. मग तो परत जातो, पायीच. एवढंच.

सकाळी पान्क्रातने अंगणभर फिरून सांगितलं की सगळ्या झडपा लावून घ्या, कोणी बाहेर डोकं काढायचं नाही, आज कोणाला डोळे नाहीत. सगळे आत कोंडले. कोंबड्यासुद्धा खुराड्यात घातल्या. फक्त बाबांना आत जाता येईना, कारण दरवाजा कोणीतरी उघडायला हवा होता.

जाताना सोपं गेलं. कारकून घोड्यावर आला होता, झारचा माणूस, म्हणून दोन्ही कवाडं उघडीच होती. त्याच्या मागून धनी चालत गेले. मी भाकरखान्याच्या फटीतून पाहिलं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, त्यांचे लाल चामड्याचे जोडे पहिल्याच पावलाला घोट्यापर्यंत रुतले. बाबा जमिनीला कपाळ टेकवून होते. कारकुनाचा घोडा, धनी, आणि मागे गल्लीतली पोरं, असे ते गेले. बाबांनी कवाडं लावली, अडसर घातला आणि तिथेच खांबाला टेकून बसले.

मी त्यांना पाव द्यायला गेले तर त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"परत येताना काय उघडायचं, उस्तिन्या?" ते म्हणाले.

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

दिंडी उघडली तर धनी नोकरांच्या, भिकाऱ्यांच्या दारातून वाकून घरात येणार. दोन्ही कवाडं उघडली तर एवढ्या मोठ्या दारातून एकटा माणूस चिखलाने भरलेला, बिनघोड्याचा, गल्लीतल्या शंभर डोळ्यांसमोर चालत येणार. ती थट्टाच दिसली असती. एकच कवाड उघडणं म्हणजे तो हलका सरदार झाला, असं बाबांनी आपल्या हाताने सांगण्यासारखं.

आई आली आणि तिने एका वाक्यात निकाल लावला. "दोन्ही उघडा. धनी येतो तेव्हा दोन्ही उघडतात. नियम आहे."

"तो घोड्यावरून येणाऱ्या धन्याचा नियम आहे," बाबा म्हणाले. "पायी येणाऱ्या धन्याचा नियमच नाही. कोणी केलाच नाही."

पान्क्रातला विचारलं तर त्याने खिडकीची झडप अर्धी उघडून ऐकलं आणि पुन्हा लावून घेतली. शहाणा माणूस. त्याने ऐकलं नव्हतं, म्हणजे त्याने काही सांगितलंही नव्हतं. धुणाघराच्या दारात सिसोयची बायको उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तिनेही पाहिलं. मग ती आत गेली.

दुपार होत आली. लांबून गल्लीत माणसांचा गलका ऐकू यायला लागला तेव्हा बाबा एकाएकी उठले. म्हणाले, येरमेयला बोलाव, तबेल्यातला वासा आण. मला वाटलं भीतीने यांचं डोकं फिरलं. त्यांनी कवाडाखाली वासा घातला, येरमेयने जोर लावला, मी खाली लाकडाची पाचर सरकवली, आणि ते अवजड कवाड बिजागरीवरून वर उचलून निघालं. मग दुसरं. दोन्ही कवाडं आम्ही ओढत नेऊन कुंपणाला टेकवली. दिंडी कवाडातच होती, तीही गेली. दरवाजाच उरला नाही. उघडायला काही नाही, लावायला काही नाही. बाबांनी हातोडी घेतली आणि खांबाकडे तोंड करून बिजागरी ठोकायला बसले. कोणी विचारलंच तर बिजागरी मोडली, ती दुरुस्त करतोय, त्यांना काय माहीत कोण आलं ते.

खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांचा अभिमान वाटला. झारने कायदा केला नाही, कारभाऱ्याने तोंड लपवलं, आणि माझ्या भित्र्या बापाने वाट काढली.

धनी आले. कारकून कोपऱ्यावरूनच परतला होता. मागे घोळका होता, पण मोकळ्या दारापाशी तो थबकला, कारण आत काय आहे ते सरळ दिसत होतं आणि बघण्यासारखं काही नव्हतं. एक नोकर हातोडी ठोकतोय, बस. धन्यांची दाढी ओली होती. शिव्या देऊन त्यांचा आवाज गेला असावा, ते तोंडाने श्वास घेत होते. त्यांनी मोकळ्या जागेकडे पाहिलं. कवाडांकडे पाहिलं. वर, दाराच्या माथ्यावरच्या देवाच्या तसबिरीकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली आणि आत निघून गेले. बाबा जमिनीवर पडले होते, कपाळ चिखलात.

त्या दुपारी आईने बाबांना कोबीच्या रश्श्यात हाड घालून दिलं. येरमेय मला कोपराने ढोसून म्हणाला की तुझा बाप मंत्री व्हायला हवा होता. बाबा म्हणाले, गप्प बस. पण त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

तीन दिवस धनी वरून खाली आले नाहीत. चौथ्या दिवशी पान्क्रात भाकरखान्यात आला आणि म्हणाला, उस्तिन्याला वर बोलावलंय. बाबांना नाही, मला. आईने माझ्या हाताचं पीठ पुसलं आणि पुसतच राहिली, शेवटी पान्क्रातने तिचा हात धरून बाजूला केला.

वरच्या दालनात मी कधी गेले नव्हते. भट्टी तापलेली होती, तरी धन्यांनी अंगावर फरचा अंगरखा घेतला होता. मी जमिनीवर पडले. ते म्हणाले, ऊठ. मग म्हणाले, बस. आमच्यासारख्यांना कोणी बस म्हणत नाही. मी बाकाच्या टोकाला टेकले, आणि त्या बाकावरून घसरून खाली जावं असं मला वाटलं. तेवढ्यात आठवलं की इथे असं मनात आणणंही भयंकर आहे.

त्यांचा आवाज मऊ होता. "पाचर तू सरकवलीस ना?"

मी मान हलवली.

"बिजागरी मोडली होती का गं?"

लोहार आमच्याच अंगणात होता. त्याला बोलावलं असतं तर त्याने एका नजरेत सांगितलं असतं की ही बिजागरी दहा वर्षांत मोडलेली नाही. खोटं बोलले तर ते खोटं माझ्या, बाबांच्या, येरमेयच्या, तिघांच्या पाठीवर पडणार. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही, माणूस भ्याला की त्याचं डोकं आपोआपच पळत असतं. आणि मला आणखी एक वाटलं, ते आजही सांगायला जीभ जड होते. मला वाटलं, खरं कळलं तर धन्यांना बरं वाटेल. एकोणीस वर्षं देवडीवर उभा राहिलेला माणूस त्यांच्यासाठी किती झिजतो ते कळेल, आणि ते बाबांना काही देतील, आणि मला येरमेय देतील. मी इतकी भोळी होते.

"नव्हती मोडली, धनी."

"मग कवाडं का काढली?"

"तुम्हाला लाज वाटू नये म्हणून."

पान्क्रात दाराशी उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले ते मी पाहिलं. धन्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी समजू शकले असते. राग नव्हता. तिथे भीती होती. देवडीवर बाबांच्या तोंडावर होती तीच, ओठसुद्धा तसेच पांढरे. मला कळलं की सगळ्या मॉस्कोने त्यांना चिखलातून चालताना पाहिलं ते त्यांनी कसंबसं गिळलं होतं. झारपुढे तर सगळेच गुलाम, ते चालतं. पण आपल्या घरात, आपल्या दाराशी, एका नोकराला आपली कीव आली होती, त्याने बसून तिचा विचार केला होता आणि तिच्यावर तोडगाही काढला होता. ते त्यांच्याने गिळवेना.

"बरं झालं खरं बोललीस," ते म्हणाले. "येरमेयशी तुझं लग्न रविवारी. जा."

मी जिना उतरले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. आईला मिठी मारली. मी म्हणाले, परवानगी मिळाली. आई रडली, हसली, पुन्हा रडली. अजून आमचं रडणं चालू होतं तोवर पान्क्रातची दोन माणसं देवडीवर गेली होती.

नेफ्योदला वेत्लुगा नदीपलीकडच्या जंगलातल्या गावी पाठवायचं, जिथे झाडं जाळून डांबर काढतात. आजच. बायकोशिवाय, कारण पाव कोण करणार? बाबांना गाडीवर बसवलं. पायात साखळी नव्हती, बाबा पळून जाण्यातले नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं. आई गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली तेव्हा तिला दोघींनी मिळून सोडवलं. त्यातली एक सिसोयची बायको होती.

मी गाडीजवळ गेले. बाबांनी विचारलं, "तू वर काय म्हणालीस?"

मी सांगितलं, जसंच्या तसं.

"खोटं नाही बोललीस," ते म्हणाले. "पण बोलायचं नव्हतं, बाळा. नुसतं करायचं होतं."

मग गाडी हलली. पुढे तीन वर्षं त्यांची काही खबर आली नाही. चौथ्या हिवाळ्यात डांबराची पिंपं घेऊन आलेल्या गाडीवानाने सांगितलं की नेफ्योद नावाचा एक म्हातारा होता, गेल्या वर्षी गेला, खोकल्याने. गाडीवानाला एवढंच माहीत होतं. मी विचारलं, तो काही बोलायचा का? गाडीवान म्हणाला, चांगला माणूस होता, फार बोलायचा नाही.

माझं लग्न रविवारी झालं. धन्यांनी शब्द पाळला, त्यांच्याविषयी खोटं बोलणार नाही. येरमेय चांगला नवरा निघाला, आणि त्याने त्या पाचरीचा विषय आयुष्यभर काढला नाही. चर्चमध्ये जाण्याआधी वधूच्या बापाने लेकीला पाव आणि देवाची तसबीर हातात धरून आशीर्वाद द्यायचा असतो. बाप नसेल तर त्याच्या जागी धनी उभा राहतो. आईने रात्रीत तो पाव भाजला होता. मिरोन साविच आमच्या भाकरखान्यात खाली उतरून आले, टोपी काढली, पाव आणि तसबीर हातात घेतली. दाढी विंचरलेली होती. सगळं अंगण जमलं होतं. मी तीनदा त्यांच्या पायावर डोकं टेकवलं. मग वर पाहिलं तेव्हा ते वाट बघत होते, आणि मला कळलं की मी काय म्हणायला हवं आहे. रीतच तशी आहे, शब्द ठरलेले आहेत, मी बनवलेले नाहीत.

"आशीर्वाद द्या, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांचा हात चुंबला.